परतीच्या तिकिटाची तारीख

वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी तुर्कस्तानात, इस्तंबूल किंवा अंतल्याला जाणाऱ्यांच्या हातात पडणारं वेळापत्रक साधारण असं असतं. सोमवारी दुपारी विमानतळावर नावाची पाटी धरून गाडीवाला उभा. संध्याकाळी रक्त, ईसीजी, सोनोग्राफी, जमलं तर एंडोस्कोपी. मंगळवारी ऑपरेशन. शुक्रवारी डिस्चार्ज, दोन रात्री हॉटेलात, रविवारी परतीचं विमान. सहा रात्री, सात दिवस. आपल्याकडे काश्मीर-केरळच्या सहलींच्या जाहिराती याच मापाच्या असतात.

कापून शिवलेल्या पोटाचं कॅलेंडर मात्र वेगळं असतं. शिवणीतून गळती, जिला डॉक्टर-पेशंट सगळे ‘लीक’च म्हणतात, ती पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकते, पण पुष्कळदा ती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, कधी त्याही नंतर उघडकीला येते. पायाच्या शिरेत गुठळी होण्याची भीती महिनाभर असते. सतत उलट्या होत राहिल्या तर दोन-तीन आठवड्यांत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात. पित्ताशयात खडे धरतात ते बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. बी-१२चा साठा सरायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आणि बायपास (हृदयाचा नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचा प्रकार) केलेला असेल तर आतडं आतल्या आत अडकण्याचा प्रकार पाच वर्षांनीही होऊ शकतो. या सगळ्यातले पहिले पाच दिवस तेवढे पॅकेजमध्ये बसतात. उरलेलं घरी घडतं, आणि घराजवळ तो सर्जन नसतो.

परदेशातल्या सर्जनचा हात कसा आहे याची चौकशी लोक कसून करतात. विमानातून उतरल्यावर आपण कोणाच्या हातात असणार, हे विचारणारे थोडे.

जाणारे का जातात, हे समजायला फार खोलात शिरायला नको. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून हे ऑपरेशन मिळायचं तर आधी वजन व्यवस्थापनाच्या विशेष क्लिनिकमध्ये काही महिने काढावे लागतात, मग प्रतीक्षायादी. निकष ठरलेले आहेत: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४०च्या वर, किंवा ३५च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडणं असं काही. भारतीय वंशाच्या माणसासाठी ही रेघ २.५ने खाली येते, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. तिथल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना ही सवलत माहीत नसते आणि ‘आपण बसत नाही’ असं समजून ते थेट विमानाचं तिकीट काढतात. खासगीत जायचं तर तिकडे १० हजार पौंडांच्या आसपास खर्च येतो. तुर्कस्तानातलं पॅकेज २ ते ४ हजारांत मिळतं. अमेरिकेतून लोक सॅन दिएगोची सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाला जातात. तिथेही भावातला फरक असाच, तीन-चार पटींचा. आखातातून, पूर्व आफ्रिकेतून माणसं मुंबई, पुणे, दिल्लीला येतात. आणि लंडन-दुबईचे मराठी लोक तीन आठवड्यांची रजा काढून, जमल्यास दिवाळीला जोडून, पुण्यात येऊन हे ऑपरेशन उरकून जातात.

स्वस्ताईचं अर्धं कारण सरळ आहे: पगार कमी, जागा स्वस्त, लिरा किंवा रुपया हलका. उरलेलं अर्धं कारण पॅकेजमधून काय गाळलंय त्यात सापडतं. ब्रिटनमध्ये ऑपरेशननंतर किमान दोन वर्षं आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांची देखरेख हा उपचाराचाच भाग धरतात, आणि त्यापुढे दरवर्षी रक्ततपासणी. सहा रात्रींच्या पॅकेजमध्ये या दोन वर्षांच्या जागी एका समन्वयकाचा व्हॉट्सअॅप नंबर असतो. तो समन्वयक सहसा डॉक्टर नसतो.

तुर्कस्तानातले किंवा मेक्सिकोतले सर्जन कच्चे असतात असा समज मात्र करून घेऊ नये. आठवडाभर हेच ऑपरेशन करणारा हात वर्षाला पंधरा करणाऱ्या हातापेक्षा बरा, हे या शस्त्रक्रियेत पुरतं सिद्ध झालेलं आहे. तुर्कस्तानात २०१७पासून परदेशी पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटलला आणि मध्यस्थ कंपनीला आरोग्य मंत्रालयाचं वेगळं अधिकारपत्र लागतं. ते मागावं. मागितल्यावर विषय बदलला गेला, तर उत्तर मिळालं असं समजावं.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. सगळ्यात जास्त होतं ते स्लीव्ह. पोटावर चार-पाच छोटी भोकं, आत कार्बन डायऑक्साइड भरून पोटाची भिंत उचललेली. तोंडातून जठरात एक जाड नळी सोडतात. तिचं माप ‘फ्रेंच’ एककात असतं आणि तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. ३६ची नळी म्हणजे १२ मिलिमीटर जाडीची. त्या नळीच्या कडेकडेने स्टेपलर चालवत जायचं. सुरुवात जठराच्या खालच्या दारापासून साधारण ४ ते ६ सेंटिमीटर सोडून. ६० मिलिमीटरच्या पाच-सहा कार्ट्रिज लागतात. खालच्या भागात जठराची भिंत जाड, म्हणून तिथे उंच पिनांची कार्ट्रिज. वर भिंत पातळ होत जाते, तिथे कमी उंचीची. प्रत्येक वेळी जबडा बंद केल्यावर काही सेकंद थांबायचं, म्हणजे भिंतीतलं पाणी दाबून निघतं आणि पिन नीट वळते. घाई झाली किंवा कार्ट्रिजचं माप चुकलं, तर पिन अर्धवट वळते. शेवटी जठराचा ७५ ते ८० टक्के भाग बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची शंभर-दीडशे मिलिलिटरची नळी मागे राहते. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तोच भाग गेल्याने पहिल्या वर्षात भूक अक्षरशः आठवेनाशी होते.

लीक बहुतेक वेळा या लांब शिवणीच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका जठराला मिळते तिथे होतं. कारणं दोन. तिथला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. दुसरं असं की स्लीव्हमध्ये खालचं दार जसंच्या तसं राहतं, त्यामुळे अरुंद नळीत दाब वाढतो. मधल्या वळणावर नळी जरा जास्त आवळली गेली असेल तर आणखीच. दाब वर चढतो आणि शिवण जिथे सगळ्यांत दुबळी तिथे उसवते. चांगल्या हातात हे प्रमाण शंभरात एक-दोन. आकडा लहान आहे, पण त्या एकाला महिनोन्महिने भोगावं लागतं: पोटात नळी, जठरात स्टेंट, नाकातून थेट आतड्यात अन्न, अँटिबायोटिक, पुन्हा पुन्हा एंडोस्कोपी.

पॅकेजच्या यादीत ‘लीक टेस्ट’ ठळक अक्षरांत लिहिलेली असते. निळा रंग पाजून किंवा ऑपरेशनच्या वेळीच नळीत भरून गळतंय का ते पाहतात. टेस्ट चांगली आहे. पण ती त्या दिवसापुरतं सांगते. सातव्या दिवशी ऊतक मरून भोक पडायचं असेल, तर दुसऱ्या दिवशी निळं पाणी स्वच्छच उतरणार.

म्हणून ओळखायची खूण आपल्याला ठाऊक हवी. सगळ्यांत आधी वाढते ती नाडी. झोपून असतानाही नाडी मिनिटाला १००च्या वर रेंगाळू लागली तर सावध व्हावं आणि १२०च्या वर गेली तर वाट पाहूच नये. ताप ३८ अंशांच्या वर, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४. डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, कारण पोटातला पू छाती आणि पोटामधल्या पडद्याला खालून डिवचतो आणि मेंदू ती कळ खांद्याची समजतो. धाप लागणं. आणि नुसतंच ‘काहीतरी बिनसलंय’ असं आतून वाटणं. हे वैद्यकीय पुस्तकांतही लक्षण म्हणून लिहिलेलं आहे. घरचे म्हणतात, गॅस असेल, ओवा खा. इमर्जन्सीतला तरुण डॉक्टरही कधी तेच म्हणतो, कारण जाड पोटाला हात लावून आतलं फारसं कळत नाही. त्याला सांगायचं वाक्य पाठ असावं: “अमुक तारखेला स्लीव्ह झालंय, नाडी इतकी आहे, लीक नाही याची खात्री करा.” सीटी स्कॅन झाला आणि तो स्वच्छ आला, तरी नाडी पळत असेल तर अनुभवी सर्जन दुर्बिणीने आत डोकावतोच.

यावरून मुक्कामाचा हिशेब ठरवता येतो. स्लीव्हला किमान १० दिवस, बायपासला १४ दिवस ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत राहावं. हॉटेलच्या जादा रात्री स्वतःच्या पैशाने घ्याव्यात. पॅकेजवाल्यांनी “गरज नाही, सगळे पाचव्या दिवशी जातात” असं म्हटलं तरी घ्याव्यात.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडेही पॅकेजमध्ये नसतात. स्थूल माणसाचं लिव्हर चरबीने आणि ग्लायकोजेनने सुजलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. तो उचलून धरल्याशिवाय वरच्या टोकाला, म्हणजे जिथे लीक होतं तिथेच, सर्जनला नीट दिसत नाही. म्हणून १० ते १४ दिवस ८०० ते १००० कॅलरींचा, कमी पिठूळ, भरपूर प्रथिनांचा आहार देतात. ग्लायकोजेन आपल्या तिप्पट वजनाचं पाणी धरून ठेवतं. ते गेलं की लिव्हर पटकन आकसतं आणि मऊ पडतं. आपल्याकडे यात एक गंमत होते. हा ‘उपवास’ आहे असं समजून लोक साबुदाण्याची खिचडी, रताळं, राजगिऱ्याचा लाडू खातात. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. दोन वाट्या खिचडीने लिव्हर पुन्हा भरून बसतं. आणि मधुमेहाचं इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर या आहारात त्यांचा डोस आपल्या डॉक्टरांकडून आधीच कमी करून घ्यायला हवा. नाहीतर साखर विमानातच खाली जाईल. फोनवर बोलून चार दिवसांनी ऑपरेशनची तारीख देणाऱ्या ठिकाणी यातलं काहीच झालेलं नसतं.

तंबाखूचंही तसंच. फॉर्मवर ‘स्मोकिंग’ असं विचारलेलं असतं, आपण प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितो आणि मिश्री सांगायची राहून जाते. निकोटीन धुरातून आलं काय किंवा हिरडीतून आलं काय, शिवणीचा रक्तपुरवठा ते आवळतंच, आणि बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचं ते एक मोठं कारण आहे. किमान सहा आठवडे आधी पूर्ण बंद. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही महिनाभर आधी थांबवून दुसरा उपाय करायचा, गुठळीच्या भीतीने. वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला ते स्पष्ट सांगायचं. त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं, आणि उपाशी असूनही भूल देताना आतलं अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं.

कोणाला घ्यायचं याचे निकषही एक कसोटीच आहेत. २०२२मध्ये या शस्त्रक्रियेच्या सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा खाली आणली: बीएमआय ३५ असेल तर इतर आजार असो-नसो, आणि चयापचयाचा आजार असेल तर ३०पासून विचार करावा, आशियाई लोकांसाठी २७.५. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर २७.५ म्हणजे साधारण ७५ किलो, ३५ म्हणजे ९५ किलो. याच उंचीच्या ७० किलोच्या बाईला “या की” म्हणणारं ठिकाण कोणालाच नाही म्हणत नाही, हे उघड आहे. अम्लपित्ताचा जुना त्रास असलेल्या माणसाला एंडोस्कोपीशिवाय स्लीव्ह देणारंही तसंच. स्लीव्हने तो त्रास पुष्कळदा वाढतो, आणि काहींना पुढे बायपास करून घ्यावा लागतो.

ऑपरेशन नको, सोपं काहीतरी करू, म्हणून मिळणाऱ्या गोष्टीही निर्धोक नसतात. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्तंबूल आणि इझमीरमध्ये वजन कमी करण्यासाठी जठरात बोटॉक्सची इंजेक्शनं घेतलेल्या ६०हून अधिक लोकांना बोटुलिझम झाला. गिळायला त्रास, पापण्या पडणं, काहींना श्वासासाठी अतिदक्षता विभाग. त्यातले कितीतरी तोवर जर्मनीत घरी पोचले होते. आणि तिहुआनात ऑपरेशन करून आलेल्या अमेरिकनांमध्ये जवळजवळ कोणत्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा सुडोमोनास जंतू सापडल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९च्या जानेवारीत प्रवाशांना इशारा दिला होता. दोन्ही वेळा अनेकांचा आजार उघडकीला आला तो घरी परतल्यावर, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न तोच: तिकडे नेमकं काय केलं?

मुंबईच्या वाट्याला आलेली सगळ्यांत गाजलेली केसही अंतराचीच होती. २०१७च्या फेब्रुवारीत अलेक्झांड्रियाहून एका अतिस्थूल स्त्रीला मालवाहू विमानाने पलंगासकट आणलं, क्रेनने उतरवलं. मार्चमध्ये स्लीव्ह झालं, मे महिन्यात पुढच्या देखभालीसाठी तिला अबू धाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथे ती गेली. वर्तमानपत्रांनी विमान, क्रेन आणि किलो छापले. तिच्या उपचारातला ऑपरेशनचा दिवस एकच होता.

परतीचा प्रवास. लंडन-इस्तंबूल चार तास, लंडन-मुंबई नऊ, न्यू यॉर्क-मुंबई पंधराच्या पुढे. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की निरोगी माणसालाही गुठळीचा धोका वाढतो. इथे तर ताजं ऑपरेशन, वजन आणि कमी पाणी पिणं, तिन्ही एकत्र. गुठळी होऊ नये म्हणून देतात ती एनोक्सापॅरिनची रोजची इंजेक्शनं किती दिवस घ्यायची ते लिहून घ्यावं. धोका जास्त असलेल्यांना दोन ते चार आठवडे देतात. सुया हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांचं पत्र. आसन मधल्या वाटेच्या कडेचं, मापाचे दाबमोजे, तासातासाला उठून पाच मिनिटं चालणं. केबिनचा दाब कमी असल्यामुळे पोटातला वायू तिसऱ्या हिश्शाने फुगतो. ऑपरेशनचा गॅस तोवर शोषला गेलेला असतो, पण आतड्यातला असतोच, म्हणून सैल कपडे. आणि सामान. चार ते सहा आठवडे पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे पट्ट्यावरून आपली २३ किलोंची बॅग कोण ओढणार हे आधी ठरवायला हवं. एकट्याने जाणाऱ्यांची फजिती बहुधा इथे होते. विमान कंपनीकडे व्हीलचेअर मागण्यात लाज कसली.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं आणि ते कंटाळवाणं असतं. पहिले दोन आठवडे पातळ द्रव, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग दोन मऊ. एका वेळी ३० मिलिलिटर, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या १० मिलिलिटरच्या टोपणाने तीन टोपणं, पंधरा मिनिटांत. तासाला १२० मिलिलिटर. दीड लिटर पाणी पोटात जायला बारा-तेरा तास लागतात. जागेपणीचा सगळा वेळ घोट घेण्यातच जातो. घटाघटा पाणी पिणं कायमचं गेलं. जेवताना पाणी नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा तास सोडायचा.

प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. आपल्या घरात आजाऱ्याला जे जे प्रेमाने देतात, वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीची आंबील, नारळपाणी, त्यात प्रथिनं नावालाच. वाटीभर घट्ट वरणात पाच-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पहिल्या महिन्यात वाटीभर वरण पोटात मावतच नाही, म्हणून शाकाहारी माणसाला व्हे प्रोटीनच्या पावडरीशिवाय गत्यंतर नाही. एका मापात २० ते २५ ग्रॅम. सुट्टीला पुण्यात येऊन ऑपरेशन केलेल्यांची आणखी एक परीक्षा असते. भेटायला येणारी प्रत्येक मावशी-काकू पानाकडे पाहून म्हणते, “एवढंसंच?” आग्रहाला मान देऊन खाल्लेला एक घास जास्त झाला की तो वर येतो. बायपासवाल्याने उकडीचा मोदक खाल्ला, तर अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम फुटतो, शौचाला पळावं लागतं. गुळासाखरेचा लोट थेट आतड्यात उतरल्याचा हा परिणाम. काहींना दोन-तीन तासांनी साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

उलट्यांवर थोडं थांबायला हवं, कारण इथे चुकीची मदत नुकसान करते. शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. पेशंट आठ-दहा दिवस उलट्या करतोय, खात काहीच नाही, अशा अवस्थेत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं की पहिली गोष्ट होते ती सलाईन, आणि त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज असतं. ग्लुकोज वापरायला पेशींना थायमिन लागतं. उरलंसुरलं त्यात संपतं आणि मेंदूला इजा होते. डोळे वेडेवाकडे हलणं, झोकांड्या जाणं, गोंधळलेलं बोलणं. वेळेवर शिरेतून थायमिन दिलं तर हे टळतं. उशीर झाला तर स्मृती परत येत नाही. आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

औषधांतही उलथापालथ होते. मधुमेहाचा डोस काही दिवसांतच निम्म्यावर येतो, रक्तदाबाच्या गोळ्या जास्त ठरून उठताना अंधारी येते, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी आणखी कमी करतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. डोकं दुखलं म्हणून घरातली कॉम्बिफ्लॅम घेण्याची सवय बायपासनंतर आयुष्यभरासाठी सोडायची, कारण आयबुप्रोफेनने जोडावर अल्सर होतो, पॅरासिटामॉल चालतं. हे सगळे बदल करणारा डॉक्टर गावातलाच हवा, आणि त्याला जाण्याच्या आधी भेटून “मी आल्यावर बघाल ना?” असं विचारून होकार घेतलेला हवा. परदेशातून परतलेल्या पेशंटची फाईल हातात घ्यायला डॉक्टर कचरतात. ते समजण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या शिवणीची जबाबदारी कोणाला हवी?

पूरक गोळ्या आयुष्यभर. बी-१२ रोज तोंडाने ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. शाकाहाऱ्यांचा साठा मुळातच उणा असतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही सायट्रेट, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि ते आता कमी आहे. एका वेळी ५००-६००च्या वर नाही. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. लोहाच्या गोळीवर चहा नको. ड जीवनसत्त्व ३००० युनिट. खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड देतात. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी. पीसीओएसमुळे दिवस राहत नाहीत असं धरून चाललेल्या स्त्रियांना वजन उतरल्यावर अचानक राहतात. पहिले १२ ते १८ महिने ते टाळायचं असतं, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. दारू फार लवकर आणि फार जास्त चढते.

पैशाचा हिशेब मांडताना हॉटेलच्या जादा रात्री, सोबतच्या माणसाचं तिकीट, पहिल्या वर्षाच्या तपासण्या आणि गोळ्या धरल्या की फरक बराच आटतो, तरी उरतो. लीक झालं तर मात्र सगळाच हिशेब उधळतो. साध्या प्रवासविम्यात ठरवून केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत बसत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. भारतातल्या आरोग्यविम्यांत ठरावीक अटींवर, बीएमआय ४० किंवा गंभीर आजारांसह ३५ असेल तर, हे ऑपरेशन बसू शकतं. भारतात राहणाऱ्याने इस्तंबूलचा भाव विचारण्याआधी आपली पॉलिसी काढून वाचावी.

आणि कागद. डिस्चार्जच्या वेळी सगळे थकलेले असतात, गाडी खाली उभी असते, आणि हातात एक पानभर तुर्की मजकूर पडतो. त्याऐवजी ऑपरेशनची संपूर्ण नोंद इंग्रजीत मागून घ्यावी: कोणतं ऑपरेशन, नळीचं माप, किती आणि कोणत्या कार्ट्रिज, त्यांचे स्टिकर, लीक टेस्टचा निकाल, काढलेल्या जठराचा पॅथॉलॉजी रिपोर्ट कधी येणार. बायपास असेल तर आतड्याच्या दोन्ही भागांची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि आतल्या फटी शिवल्या की नाहीत ते. सात वर्षांनी रात्री दोन वाजता पोटात असह्य कळ येऊन कराडच्या किंवा लेस्टरच्या इमर्जन्सीत पोचलं, तर तिथल्या सर्जनला आत शिरण्यापूर्वी हेच आकडे हवे असतात. एक प्रत फोनमध्ये, एक घरच्यांच्या फोनमध्ये, एक फॅमिली डॉक्टरकडे. प्रतीच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहून ठेवाव्यात: ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन. नाकातून जठरात नळी न पाहता घालू नये.